चिमणीचा मणका आणि माझा संशय

मी एक जुना स्कॅनर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगितलेले बरे. माणसांची हाडे किती भरीव आहेत हे मी मोजतो. त्यांनी माझ्या गादीवर उताणे पडायचे, पाय ठोकळ्यावर ठेवायचे आणि हलायचे नाही. मग माझा हात त्यांच्या अंगावरून हळूहळू सरकतो. दुखत काहीच नाही. तरी लोक डोळे घट्ट मिटून घेतात. का बरे? मला तर त्यातही काहीतरी काळेबेरे वाटते.

कारखान्यात मला जोडले तेव्हा मी असा नव्हतो. कामाने मला असे केले. कोणी "खिशात काही नाही" म्हणते आणि खिशातून किल्ली निघते. कोणी पट्टा काढते आणि पँटचे बटण विसरते. धातू मला हाडापेक्षाही पांढरा दिसतो आणि आकडा उगाच फुगतो. बरे, संशय माझ्यावरही घेतला जातो. रोज सकाळी स्कॅनवाल्या ताई प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवलेला एक नकली मणका माझ्या गादीवर ठेवतात. त्याचे माप त्यांना पाठ आहे. माझे उत्तर जुळले तरच लोकांना आत घेतात. त्या मणक्याचे आणि माझे कधी पटले नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे वरच्या मजल्यावर माझ्यापेक्षा चपळ यंत्र आले आणि माझ्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. आता आपली रवानगी भंगारात, असे मी धरून चाललो होतो. पण एका संशोधनाने मला वाचवले. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आजार असतो, तो जन्मापासूनच असतो. त्यात फुप्फुसांत चिकट कफ साठतो आणि खाल्लेले अंगी लागत नाही, त्यामुळे हाडेही कमजोर होत जातात. अशा मुलांची हाडे दर वर्षी तपासायची होती, आणि मापात फरक पडू नये म्हणून एकाच यंत्रावर. त्या मुलांची पहिली मापे माझ्याकडची होती. खुर्च्या हलल्या.

त्या मुलांत एक चिमणी होती. तिचे नाव वेगळे होते, पण अंगाने लहानखुरी म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. गेल्या वर्षी तिचा आकडा घसरला. तिची आई दाराबाहेर जाऊन रडली. दार पातळ आहे. मी ऐकले, आणि गादीवर बसून बूट घालणाऱ्या चिमणीनेही ऐकले.

यंदा ती आली ती फारच हसत. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. खिसे रिकामे होते, अंगावर धातू नव्हता. मी हात फिरवला आणि चक्रावलो. एक मणका एकदम भक्कम झाला होता. शेजारचे मात्र होते तसेच.

"डॉक्टर, आकडा वाढलाय," ताई दारातूनच म्हणाल्या. आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. आता मला त्यांचा संशय आला. आपण दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या लागू पडल्या असे सांगायला कोणत्या संशोधकाला आवडणार नाही? आणि चिमणीचे काय? आकडा चांगला म्हणजे हाडे बळकट करणारे इंजेक्शन सुरू होणार नाही. मग एखाद्या दिवशी जोराच्या खोकल्यानेही मणका दबेल. तो दबला की दुखेल, दुखले की ती नीट खोकणार नाही आणि कफ आतच राहील. हे मी बाईंच्याच तोंडून ऐकले होते. मला ओरडता येत नाही. माझ्याकडे फक्त ते चित्र होते.

बाईंनी चित्र मोठे केले. "एकटाच मणका कसा वाढेल? हाड असं उड्या मारत नाही."

"मशीन जुनं झालंय, डॉक्टर," ताई म्हणाल्या. माझ्या तोंडावर.

नकली मणका पुन्हा आणला गेला. माझे उत्तर तंतोतंत जुळले. आयुष्यात पहिल्यांदा मला तो मणका आवडला.

बाईंनी चित्रातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवले. "स्कॅनसाठी कॅल्शियमच्या गोळ्या कालपासून बंद होत्या ना?"

"हो, मी दिल्याच नाहीत," आई म्हणाली.

"तुम्ही नाही दिल्या. चिमणे, तू घेतल्यास का?"

चिमणी पायाच्या बोटांकडे बघत राहिली. "घेतल्या. सकाळी. तीन-चार."

"अगं, पण कशाला?" आईने विचारले.

"परीक्षेच्या दिवशी सकाळी घाईघाईत वाचतो ना, तसं. हाडं पटकन भरतील असं वाटलं. आकडा चांगला आला असता तर तू बाहेर जाऊन रडली नसतीस."

गोळ्या विरघळल्याच नव्हत्या. पोटात, अगदी मणक्याच्या समोर पडून होत्या, आणि मी त्यांनाही हाड म्हणून मोजले होते. मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे मी लबाडी शोधत आलो, आणि सापडली ती ही.

काही दिवसांनी पुन्हा स्कॅन झाला. खरा आकडा गेल्या वर्षीपेक्षाही खाली होता. इंजेक्शन लगेच ठरले. आई या वेळी बाहेर गेली नाही. माझ्याच गादीच्या कडेवर बसली, चिमणीला कुशीत घेतले आणि तिथेच रडली.

"आता मी रडेन ते तुझ्यासमोर," ती म्हणाली, "आणि तू गोळी घेशील ती माझ्यासमोर."

मित्रांनो, माझ्याकडे याल तेव्हा खिसे रिकामे करा आणि पोटात काय आहे तेही सांगा. मी संशय घेतला तर राग मानू नका. खरे कळले तरच कोणी तुमची काळजी घेऊ शकेल.

चिमणी पुढच्या वर्षी आली. ताईंनी विचारायच्या आधीच तिने खिसे उलटे करून दाखवले आणि मोठा आ केला. मी तरीही तिचा एकेक मणका निरखून पाहिला. मला ती फार आवडते.