अंबू मास्तरांचं रेकॉर्डिंग

डॉक्टरांनी अंबू मास्तरांच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि तिसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या कमिटीने रेकॉर्डिंगचं सामान घ्यायचा ठराव केला. मास्तरांचं स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. खाडीकाठच्या खाऱ्या भातशेतात बायका लावणीला जी गाणी म्हणत, ती चाळीस वर्षं बांधाबांधावरून हिंडून मास्तरांनी गोळा केली होती. शब्द वहीत उतरले होते, चाली मात्र फक्त त्यांच्या गळ्यात होत्या. गाणाऱ्या बायका बहुतेक सगळ्या गेल्या होत्या. "यंत्र समोर ठेवलं की गळा आखडतो माझा," म्हणत मास्तरांनी आजवर सगळ्यांना टोलवलं होतं. आता तेच म्हणाले, "आणा काय आणायचं ते."

सामान आणायला वाचनालयाच्या सेक्रेटरी वसुमती टीचर आणि अध्यक्ष गंगाधरन कण्णूरला गेले. टीचर मास्तरांच्याच शाळेत शिकलेल्या. त्यांचा शब्द कमिटीत कोणी मोडत नसे.

"भाषण रेकॉर्ड करायचंय की लग्न?" दुकानदार जोसकुट्टीनं विचारलं.

"भाषण. अडीच तासांचं. मध्ये मध्ये गाणी."

"मग कॅमेरा साधा घ्या, टीचर. त्याऐवजी चांगला कॉलर माइक, आवाजासाठी एक वेगळा रेकॉर्डर आणि हेडफोन घ्या. चित्र धुरकट आलं तरी लोक बघतात. आवाज गेला की उरतं काय?"

पण टीचरांची नजर काउंटरवरच्या मोठ्या कॅमेऱ्यावर खिळली होती. त्यात गंगाधरनचा चेहरा असा स्वच्छ दिसत होता, की पापणीचा केस न् केस मोजावा. गाताना मास्तरांची बोटं चिखलात रोप खोवल्यासारखी हलत. ती बोटं टीचरांना हवी होती. त्यांनी मोठा कॅमेरा घेतला, त्याला लावायला एक माइक घेतला आणि रेकॉर्डर बाजूला सारला. हेडफोनही परत केला.

"हे कानाला लावून कशाला बसू? मी समोरच ऐकत असणार ना!"

"अन् टीचरचे कान म्हणजे!" गंगाधरन हसले. "मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा पकडायच्या."

जोसकुट्टीनं मान हलवली. "बरं. निदान लोकांचे मोबाइल बंद करायला सांगा. खरखर येते."

रविवारी दुपारी वाचनालयाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टीचरांनी स्वतः टोपली फिरवून सगळ्यांचे फोन गोळा केले. "एक जरी वाजला तर बघा!" मास्तर उभे राहिले. आवाज घोगरा झाला होता, पण चाल धरली की तो मोकळा होई. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा उड्या मारताना बघून टीचर निश्चिंत होत्या. शेवटच्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत होत्या.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता खुशाल कापा."

सोमवारी सकाळी टीचरांनी रेकॉर्डिंग लावलं. मास्तर दिसले, बोटं दिसली, ओठ हलले. ऐकू आली ती फक्त घूं घूं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माइकची पिन कॅमेऱ्यात अर्धीच बसली होती. रेघा नाचल्या होत्या त्या या घूं घूंवर.

"कोणीतरी फोनवर घेतलं असेल की," गंगाधरन बोलून गेले, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली.

टीचरांनी मिळेल ती बस पकडून हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. पर्समध्ये फोन होता. मास्तर उशीला टेकून बसले होते.

"अच्छन कालपासून नुसते खूश आहेत," वडिलांकडे बघत त्यांची मुलगी सौदामिनी म्हणाली.

"ये गं वसू. ऐकलंस का? कसं आलंय?"

टीचरांच्या तोंडून निघून गेलं, "छान आलंय, मास्तर."

"मग माझं ओझं उतरलं."

"मास्तर, ते पहिलं गाणं... एकदा पुन्हा म्हणता?"

"हावरट! काल सगळं दिलं की!" ते हसले, आणि हसताहसता जी उबळ आली ती थांबेना. पंच्यावर रक्त दिसलं. नर्स धावत आली, "आता एक शब्दही बोलायचा नाही" म्हणाली. फोन पर्समध्येच राहिला.

पुढचे तीन आठवडे टीचर जोसकुट्टीच्या दुकानात खेटे घालत होत्या. त्यानं हर प्रकारे गाळून बघितलं. शेवटी म्हणाला, "आवाज आत असता तर काढला असता, टीचर. आत नाहीच."

मास्तर घरी आले. गळ्याला भोक, हातात पाटी. पाटीवर त्यांनी पहिलं लिहिलं, 'ऐकव.'

टीचरांनी सगळं सांगितलं. पिनेचं, हेडफोनचं, टोपलीचं, हॉस्पिटलात बोललेल्या खोट्याचंही. मास्तरांनी खुणेनं सांगितलं, लाव. मांडीवर वही उघडून ते पडद्यावरच्या ओठांशी ओळी जुळवू लागले. काही वेळ बोट सरकलं, मग एका ओळीवर अडून राहिलं. शेवटच्या गाण्याला त्यांनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला. त्यांनी पाटी ओढली.

'हा माणूस काय गातोय?'

टीचरांनी पडदा बंद केला. त्यानंतर मास्तर दोन वर्षं जगले, पण वाचनालयाची पायरी चढले नाहीत. टीचर रस्त्यात दिसल्या तर परक्या बाईला करावा तसा नमस्कार करून पुढे जात. टीचरांनी सेक्रेटरीपद सोडलं. कोणी कारण विचारलं नाही.

वही मात्र सौदामिनीनं त्यांना दिली. ती घेऊन टीचर खाडीपलीकडे गेल्या. भातलावणीला गाणाऱ्या जुन्या बायकांपैकी माणिक्कम म्हातारी तिथे अजून होती. टीचरांनी ओळी वाचून दाखवल्या, एकदा, दोनदा. म्हातारी मान डोलावत ऐकत राहिली.

"म्हणत होते खरी," ती म्हणाली. "पण मी मागून म्हणणारी, पोरी. पुढचीनं सूर लावला की मला यायचं. आता पुढचीच नाही."