कुरळ्यापायी गेलेली धार

मुलांनो, मी एक जुनी शिवणकामाची कात्री आहे, आणि या घरच्या लेकीचं वागणं मला मुळीच पसंत नाही. पन्नाशी उलटली तरी सकाळपासून मांडी ठोकून बसली आहे. पुढ्यात पत्र्याचा डबा, आणि डब्यातून काय निघावं? त्या गाणाऱ्या कुरळ्याची कात्रणं! एकेक दोन्ही हातांनी उचलते, फुंकर मारते, मऊ कागदात गुंडाळते. आणि मी? मोडक्या हँगरांबरोबर भंगाराच्या पिशवीत. उद्या घर बदलायचं आहे. कात्रणं नव्या घरी जाणार, आणि ती ज्या पात्यांनी कापली ती भंगारवाल्याकडे. हा कुठला न्याय?

मी काही ऐऱ्यागैऱ्या घरची नाही. लोहाराने माझी दोन्ही पाती एकाच पोलादातून घडवली, पाणी दिलं, एकमेकांवर घासून जुळवली आणि मगच खिळा ठोकला. या लेकीच्या आईने मला दुकानातल्या सतरा कात्र्या हाताळून निवडलं. आई कपडे शिवायची. मशीन दुसऱ्याला वापरायला देईल, पण मला नाही. "हिला फक्त कापड," असं तिने घरात बजावून ठेवलं होतं. दोरा तोडायला वेगळी, कागदाला वेगळी. मी कोटाचं जाड कापड बेतलं, पिसासारखं अस्तर बेतलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, तुमची कात्री कापडावरून नुसती वाहते." मी वर बघायचे नाही, पण ऐकायचे सगळं.

मग तो आला. सतरा वर्षांचा, कपाळावर बटा, गळ्यात गिटार. ज्या त्या मासिकात त्याचं तोंड. त्याला निळा रंग आवडतो, त्याला पालींची भीती वाटते, तो आईला विचारल्याशिवाय काही करत नाही. असल्या बातम्या! आमची लेक तेव्हा चौदाची. कागदाची कात्री बोथट म्हणून आई दुपारी पडली की ही मला पळवायची. मुलांनो, कागद दिसतो गरीब, पण धार खातो. त्याच्या एकेका बटेभोवती मला फिरवली. माझ्याशी एक शब्द नाही, त्याच्याशी मात्र गुलूगुलू. माझी पाती झिजत होती आणि कौतुक चाललं होतं त्याच्या केसांचं. जीव जळणार नाही तर काय होईल?

महिनाभरात एका डॉक्टरीणबाईंचं साटीन माझ्या पात्यांत चावलं गेलं. आईने मला उजेडात धरलं.

"काय कापलंस हिनं?"

"काही नाही गं."

"कात्री खोटं बोलत नाही. तूच बोलतेस."

दुसऱ्या दिवशी नवी कात्री आली. मी लेकीच्या पदरात पडले. त्यानंतर मी कागद कापला, पुठ्ठा कापला, दुधाच्या पिशव्यासुद्धा कापल्या. मान गेला तो गेलाच.

तर आज ही आईला ते सारं वाचून दाखवते आहे. आई आता ऐंशीची, खुर्चीत बसलेली.

"बघ ना आई, त्याच्या बुटाचं मापही छापलंय."

"आणि माझ्या पोलक्याचं माप सांग बघू."

लेकीने घाईघाईने पुढचं कात्रण उचललं. मी पिशवीत मनापासून सुखावले. म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते तर!

"आण इकडे तुझा तो," आई म्हणाली आणि चष्मा चढवला. पण तिने त्याचं तोंड पाहिलंच नाही. कात्रणाच्या कडेवरून बोट फिरवलं. एक बट, दुसरी बट, कानामागची बारीक वळणं.

"हे सगळं एका दमात कापलंयस? कात्री न उचलता?"

"हो. का गं?"

"मला इतकं वळण साधायला सहा वर्षं लागली. हात तेव्हाच बसला होता तुझा, आणि मी धारेसाठी रडत बसले. तुला कधी बेतायला बसवलंच नाही." तिने कात्रण परत दिलं. "ती कात्री कुठं आहे?"

लेकीचा चेहरा पडला. तिने पिशवी उपसून मला काढलं, ओढणीने पुसलं. आईने माझा खिळा अंगठ्याने दाबून पाहिला. "घट्ट आहे अजून. धार लावून आण. नव्या घरात तू बेतायचंस, मी बघत बसेन."

चार दिवसांनी सहाणेवरून मी चकचकीत होऊन नव्या घरात आले. टेबलावर नवं कापड अंथरलेलं, खडूच्या रेघा मारलेल्या. मुलांनो, वस्तू बोलत नाही म्हणून तिला काही वाटत नाही असं समजू नका. ज्या कामासाठी ती घडली ते काम तिला द्या, एवढंच तिचं मागणं असतं. मी पाती मिटून वाट पाहत होते.

तेवढ्यात लेकीला वर्तमानपत्रात कोण दिसावं? तोच! टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पुन्हा गाणार म्हणे. तिचे डोळे चमकले आणि हात माझ्याकडे वळला. आईने त्या हातावर चापट मारली.

"तो म्हातारा झाला, मी म्हातारी झाले, ही कात्रीही म्हातारी झाली. अक्कल तेवढी तुझी चौदाची राहिली. ठेव ती खाली! त्याला फाड हातानं."