विहिरीतली खापरं

विहिरीच्या काठावर चपला दिसल्या, त्यात नवल काही नव्हतं. त्या साली पाऊस झालाच नाही. कालव्याचं पाणी खालच्या अंगाला, देवळाली प्रवऱ्याच्या उसाला जायचं. वरच्या अंगाच्या या वाडीला ही एकच विहीर, आणि तिचाही तळ उघडा पडलेला. उरलंसुरलं पाणी एका कोपऱ्यात, कपारीखालच्या डोहात होतं. वरून सोडलेला पोहरा तिथवर पोचायचा नाही. म्हणून बाया काठावर चपला काढायच्या, घागर घेऊन भिंतीतल्या दगडी पायऱ्यांनी खाली उतरायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या.

बन्सी मास्तरांनी त्या चपला ओळखल्या. उजव्या चपलेचा अंगठा निळ्या सुतळीनं शिवलेला होता. चांगुणाच्या चपला. शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवलेल्या.

मास्तर वाडीतल्या चर्चचे धर्मशिक्षक. फादर महिन्यातून दोनदा येत. एरवी सकाळची घंटा, आजाऱ्याजवळची प्रार्थना आणि संध्याकाळचा पोरांचा वर्ग मास्तरच बघायचे. घंटेच्या आधी एक मातीची घागर भरून चर्चच्या ओसरीवर ठेवायची, हा त्यांचा रोजचा नेम. ती घागर खांद्यावर घेऊनच ते वाकले आणि खाली बघितलं.

घागर काठावर ठेवून, साठीचे गुडघे सांभाळत ते उतरले. चांगुणा खडकावर पडली होती, पदर पाण्यात. अंग गार पडलेलं. मास्तरांनी तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, जेवढी आठवली तेवढी प्रार्थना म्हटली. डोळे पुसून आजूबाजूला पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, तिची घागर नाही. खाली नाही, वर नाही, पायऱ्यांवर नाही. डोक्यावरची चुंबळसुद्धा नाही.

घागर न घेता या विहिरीत कोणी उतरत नव्हतं.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे दफनभूमीचं कुंपण आलं. ते ऐन तरुण असताना कडूबाई नावाच्या एका बाईनं असाच विहिरीत जीव दिला होता. तेव्हाच्या जुन्या फादरांनी तिला कुंपणाच्या बाहेर पुरायला लावलं. ना घंटा, ना चर्चमधली मिस्सा. खड्डा मास्तरांनीच खणला होता. अजूनही पोरं त्या मातीच्या ढिगावरून जाताना खडा मारून पळत. मास्तरांनी कितीदा समजावलं, तरी पळत. उद्या चांगुणाच्या ढिगावरही मारतील. आणि मारणाऱ्यांच्या मागं तिची पोरगी उभी असेल, मार्था, दुसरीतली, मास्तरांच्या वर्गात पहिल्या ओळीत बसणारी.

ते पायऱ्या चढून वर आले. चर्चची घागर अजून रिकामीच होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि खाली सोडून दिली. खडकावर आपटून तिची खापरं झाली, काही पाण्यात, काही चांगुणाच्या पायाशी.

मग ते वाडीकडं तोंड करून ओरडले.

पोलीसपाटील काकासाहेब पंचनाम्याला आले. काठावरून खाली डोकावले, चपला बघितल्या, खापरं बघितली.

"पानी आनायला उतरली आन पाय घसरला," ते म्हणाले. "या पायऱ्यांवर शेवाळ हाय, मी कवाचा सांगतोय. मास्तर, तुमी आला तवा हे असंच हुतं ना?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

तेवढा एकच शब्द. काकासाहेबांनी तो लिहून घेतला आणि खाली मास्तरांची सही घेतली. मास्तर म्हणाले म्हणजे कोणाला पुढं विचारायचं कारण नव्हतं.

चांगुणाला रीतसर माती मिळाली. फादर लोबो मोटारसायकलवर आले, मिस्सा झाली, घंटा वाजली, कुंपणाच्या आत, लिंबाखाली खड्डा खणला गेला. नवरा भीमा मान खाली घालून उभा होता. सासू साळूबाई छाती बडवून रडत होती. चांगुणाची आई राहीबाई मात्र रडली नाही. सगळे पांगल्यावर ती मास्तरांजवळ येऊन उभी राहिली.

"नाताळानंतर माझ्याकडं आली हुती," ती म्हणाली. "पाठीवर वळ घेऊन. मी म्हनलं, ऱ्हा इथंच. पन तुमी आला न्यायला."

"आलो हुतो."

"देवानं जोडलेलं मानसानं तोडू नये म्हनाला. मी काय बोलनार? मी अडानी. तुमी म्हनाला म्हनून धाडली."

त्या दिवशी मास्तर स्वतः चांगुणाला घेऊन सासरी चालत आले होते. वाटभर ती एक शब्द बोलली नव्हती. वेशीपाशी थांबून फक्त म्हणाली, "मास्तर, तुमी सांगता म्हनून जाते." तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. एक संसार वाचवला, असं.

आता राहीबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "पाय घसरला, हेच बरं," ती म्हणाली. "न्हाईतर मला जगायला नको वाटलं असतं." आणि गेली.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. बायकोनं, छबूबाईनं, विचारलं, "चर्चची घागर कुटं हाय? ओसरीवर दिसली न्हाई."

"फुटली."

"कशानं?"

"हातातनं सुटली," मास्तर म्हणाले. हे तसं अर्धं खरं होतं, आणि त्यामुळंच त्यांना ते आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग पुन्हा सुरू झाला. ईस्टरला सात पोरांना पहिला ख्रिस्तप्रसाद द्यायचा होता, त्यात मार्था होती. पण ती येईना. साळूबाईनं घरात ठेवलीय, असं पोरांनी सांगितलं. मास्तर दहा आज्ञा बोटांवर शिकवायचे. डाव्या हाताची पाच बोटं संपली की उजव्या हाताचा अंगठा सहावी, आणि मधलं बोट आलं की आठवी: खोटी साक्ष देऊ नको. पलीकडच्या वाडीतली प्रोटेस्टंट पोरं हीच आज्ञा नववी म्हणायची आणि त्यावरून शाळेत मारामारी व्हायची. मास्तर म्हणायचे, "आकडा कुठला का असंना, खोटं बोलायचं न्हाई, एवढं दोन्हीकडं सारखं हाय." पोरं हसायची. हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या पोरांना सांगितलं होतं, की आता मधलं बोट मोडताना त्यांचा हात अडखळला हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आठवड्याभरानं एका संध्याकाळी साळूबाई आली. मार्थाचा दंड धरून तिला ओसरीच्या पायरीवर चढवली. पोरीच्या गालावर बोटं उमटली होती.

"मास्तर, ही बगा तुमची हुशार पोरगी," साळूबाई म्हणाली. "लई मन लावून शिकवता ना? मग हिला आठवी आज्ञा पुन्ना शिकवा. घरात ठिवली तरी निसटून वाडीभर खोटं सांगत फिरती."

"काय सांगती?"

"तिलाच विचारा. माज्या तोंडानं कशाला?"

मास्तर मार्थापुढं उकिडवे बसले, म्हणजे ते नेहमीच बसायचे, पोरांशी बोलताना वरून बोलायचं नाही म्हणून. "काय झालं, बाळा?"

मार्थानं आजीकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"आमची घागर घरात हुती," ती म्हणाली. "भरलेली. कळशीबी भरलेली, हंडाबी भरलेला. आईनं रातीच सगळं भरून ठिवलं. मला म्हनली, दोन दिस पुरव, सांडू नको." ती थांबली. "घागर अजून घरात हाय. मग विहिरीत कोनाची फुटली?"

"बगा," साळूबाई म्हणाली. "आई मेली आन पोरीला घागरीची पडलीय. तिच्या त्या आजीनं, राहीबाईनं, शिकवून पाठवलं आसंल. मास्तर, तुमी सोता खापरं बगितली. सांगा हिला. समद्या पोरांसमोर सांगा, म्हंजे हिची जीभ जाग्यावर यील. मला न्हाई ऐकत, तुमचं ऐकंल."

खरंच ऐकली असती. मास्तरांनी नुसतं म्हटलं असतं, 'मार्था, तुझ्या आईनं दुसरी घागर नेली असंल,' तर ती मान हलवून पहिल्या ओळीत जाऊन बसली असती. तिनं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला असता आणि मास्तरांवर ठेवला असता. तिच्या आईनंही असंच केलं होतं, वेशीपाशी.

मास्तर उठले. गुडघे वाजले.

"पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "विहिरीतली घागर चर्चची हुती. ती मी फोडली."

साळूबाईचा हात मार्थाच्या दंडावरून सुटला. "काय बोलताय, मास्तर?"

"चांगुणापाशी घागर नव्हती. मी खोटं बोललो. काकासाहेबांशी खोटं बोललो, फादरांशी बोललो, तुमच्या समद्यांशी बोललो. मार्था खोटं बोलली न्हाई. हिच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

"म्हंजे तुमी आमच्या घराला काळं फासायला निघालात," साळूबाई हळूच म्हणाली. "इतके दिस झाकलं आन आता? मेलेल्या बाईची अब्रू तरी ठेवायची."

ती बाई आपलं घर वाचवायला बोलत होती. पण जे बोलली त्यातलं निम्मं मास्तरांनी स्वतःला आधीच ऐकवलं होतं.

फादर लोबो पुढच्या शनिवारी आले. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं, चपलांपासून सहीपर्यंत. फादर मंगळूरकडचे, वयानं मास्तरांच्या मुलासारखे. ते खुर्चीच्या दांड्यावरून बोट फिरवत बसले.

"मास्तर, मला का नाही विचारलं?"

"कडूबाईला बाहेर पुरली हुती, फादर. मीच खड्डा खणला."

"मी तिला आतच पुरली असती," फादर म्हणाले. "घागर असती तरी आणि नसती तरी. शेवटच्या घटकेला माणसाच्या मनात काय होतं, पडता पडता तिनं कोणाला हाक मारली, हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही. जिथं शंका आहे तिथं माती नाकारायची नाही. नियमातही हे आहे. तुमच्या जुन्या फादरांनी तो कडकपणे लावला, आणि तुम्ही तो तसाच लक्षात ठेवला."

मास्तर खाली बघत होते.

"आणि दुसरं. नवरा मारत असेल तर बाईनं त्याच घरात राहिलं पाहिजे, असं चर्चनं कुठं सांगितलंय? लग्न तुटत नाही. पण जीव वाचवायला वेगळं राहता येतं. तुम्ही तिला परत नेलंत, तेव्हाही मला विचारलं नाहीत."

"मला वाटलं, मला माहीत हाय," मास्तर म्हणाले.

फादर म्हणाले, "तुमच्या खोटेपणानं चांगुणाला काही मिळालं नाही. मिळालं ते भीमाला. कसं मेली म्हणून सगळ्यांनी विचारलं, का मेली म्हणून कोणीच नाही." मग ते म्हणाले, "आणि तुम्हालाही मिळालं."

"व्हय," मास्तर म्हणाले. हा त्यांचा दुसरा 'व्हय'. पहिला सोपा गेला होता.

फादरांनी प्रायश्चित्त सांगितलं: काकासाहेबांकडं जाऊन खरं लिहून द्यायचं, आणि राहीबाईच्या दारात जाऊन खरं सांगायचं. पोरांचा वर्ग ईस्टरपर्यंत दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा. हे शेवटचं फादरांनी खिडकीकडं बघत सांगितलं.

काकासाहेब चिडले. "म्हाताऱ्या मानसाची सही म्हनून मी डोळे झाकून इस्वास ठिवला," म्हणाले. पण त्यांनी नवा कागद लिहून तालुक्याला धाडला, आणि भीमाला राहुरीच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. त्याचं पुढं काय होणार, हे वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. बाया विहिरीवर मास्तरांना बघून पदर सारखा करत आणि बोलायचं थांबत. राहीबाईनं सगळं उंबऱ्यात उभ्या उभ्या ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. "मला ठाऊक हुतं," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती साळूबाईच्या घरी गेली आणि मार्थाला घेऊन आली. साळूबाईनं अडवलं नाही.

घंटा वाजवायचं काम मास्तरांकडंच राहिलं. नवी घागर छबूबाईनं आणून दिली.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मास्तर विहिरीवर आले, तेव्हा मार्था काठावर उभी होती. हातात लहान कळशी. चपला काढलेल्या, पण उतरत नव्हती.

"आजी म्हनाली, एकटी उतरू नको," ती म्हणाली.

"थांब. मी भरून देतो."

मास्तर उतरले, वाटीवाटीनं कळशी भरली. कपारीत एक खापर अडकलेलं होतं. ते त्यांनी काढून धोतराच्या सोग्यात बांधलं. वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मार्थानं कळशी घेतली नाही.

"मास्तर."

"काय, बाळा?"

"माजी आई नरकात गेली का?"

यावर पुस्तकातलं उत्तर मास्तरांना पाठ होतं. फादरांनी सांगितलेलंही पाठ झालं होतं. आणि तिसरंही एक उत्तर तोंडाशी आलं होतं, गोड, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून द्यायचं. ते तिच्यापुढं उकिडवे बसले. पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, राहीबाईनं दफनाच्या दिवशी बघितलं होतं तशीच.

"मला माहीत न्हाई," मास्तर म्हणाले.

"खरं?"

"खरं. ती देवाकडं असावी, असं मला वाटतं. रोज तसं मागतो. पन माहीत न्हाई."

मार्थानं कळशी उचलून डोक्यावर घेतली. पाणी जरा हिंदकळलं आणि तिच्या कानामागून ओघळलं. तिनं पुसलं नाही.

"मीबी मागते," ती म्हणाली, आणि सांडू न देता हळूहळू वाडीकडं चालू लागली.