महालक्ष्म्यांपुढचे मासे

मालनबाईनं त्या साली ठरवूनच टाकलं होतं, महालक्ष्म्यांपुढं अशी आरास करायची की समोरच्या थोरल्या जाऊबाईंना आल्यावाचून राहवलंच नाही पाहिजे. साल एकाहत्तर, गाव नगर, आणि समोर म्हणजे अगदी समोर. माळीवाड्यातली ती गल्ली एवढी अरुंद, की इकडच्या फोडणीचा ठसका तिकडं लागायचा.

पाडव्याच्या सुमाराला दोन जावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. कारण विचाराल तर हसाल. थोरल्या गोजरबाई म्हणाल्या, आमटी खारट झाली. मालनबाई म्हणाली, मग उद्यापासून तुम्हीच करा. झालं! दोघींचे नवरे सख्खे भाऊ, ते अजूनही रोज एकाच टपरीवर पान खात होते. त्यांना काय फरक पडतोय? पण गोजरबाईंनी तेव्हापासून मालनच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. आणि मालनबाईला त्यांच्याशिवाय अजिबात करमत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पुरण वाटायचं ते जिच्या शेजारी बसून, तीच बोलेना म्हटल्यावर सणाला चव कुठून येणार?

मालनबाईचा नवरा कारभारी एसटीत कंडक्टर, नगर-पुणे गाडीवर. बायकोचं मन ओळखून त्यानं पुण्याहून माशांची काचेची टाकी आणली. स्वतःच्या सीटवर टाकी बसवली आणि आपण पुण्यापासून उभ्यानं आला. टाकीबरोबर सोनेरी मासे, हिरवी पाणवेल आणि पोवळ्याचं एक पांढरं झाड. झाड म्हणजे समुद्रातल्या किड्यांनी बांधलेला दगडच तो, पण फांद्या कशा, हरणाच्या शिंगासारख्या!

"नगरात कुणाकडं न्हाई असलं काही," कारभारी म्हणाला. "फकस्त दिवा नीट पडला पाहिजे. सगळी गंमत दिव्याची हाय बघ."

आणि तिथंच घोडं अडलं.

महालक्ष्म्या घरात आल्या, उभ्या राहिल्या, दारातून सरळ दिसतील अशा. त्यांच्या पुढ्यात टाकी. कारभारीनं संध्याकाळी टाकीवर मोठा बल्ब टांगला. झाड झळकलं, पण थोड्या वेळानं पाणी कोमट आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागले.

"अहो, बघायला आनलेत का उकडायला?" मालनबाई किंचाळली.

मग त्यानं मांडववाल्या गहिनीनाथाकडून लग्नातले रंगीत दिवे मागून आणले. तांबडा लावला तर शेजारच्या छबूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं बया, कोंबडं कापलं का काय आत?" हिरवा लावला तर मासे शेवाळलेले दिसायला लागले आणि महालक्ष्म्यांना पित्त झाल्यागत झालं.

"माशांसाठी देवीचं तोंड बिघडवताय व्हय?"

"आन देवीसाठी मासे अंधारात ठिवू का?"

शेवटी कारभारीनं स्वयंपाकघरातली ट्यूब काढून टाकीवर आडवी बसवली. अहाहा! पाणी स्वच्छ, पाणवेल हिरवीगार, मासे खरे सोन्याचे, पोवळ्याच्या फांदीन् फांदी मोजून घ्यावी. पण मान वर केली तर दोघी महालक्ष्म्या हिवतापातून उठल्यासारख्या पांढऱ्याफटक. मग ट्यूबला मागून पुठ्ठ्याचा आडोसा करायचं ठरलं. कारभारी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आला, त्यावर जी बोलणी खाल्ली ती सांगायची सोय नाही. दुसरा, पेढ्यांच्या खोक्याचा आला. तो लागला, देवींवर साधा पिवळा बल्ब पडला, आणि दोन्हीकडं जिकडचं तिकडं तेज आलं. या सगळ्या धांदलीत हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला मालनबाईला उसंत मिळाली नाही. तिनं छबूबाईंच्या विजयमालाला धाडलं. पोरगी गल्लीतल्या घराघरात सांगून आली, समोरही सांगून आली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या आणि दुपारपासून बायकांची रीघ लागली. असं कौतुक त्या गल्लीनं कधी केलं नव्हतं. एक म्हातारी टाकीलाच हळदकुंकू वाहायला निघाली, तिचा हात कारभारीनं वरच्या वर धरला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दिल्लीगेटपासून बायका येऊन गेल्या. समोरून कोणी आलं नाही.

दिवेलागण झाली. मालनबाई प्रत्येकीला हळदकुंकू लावायची आणि तिच्या खांद्यावरून समोर बघायची. समोरच्या घरात दिवासुद्धा नव्हता. शेवटची बाई गेली तशी ती भिंतीला टेकून बसली आणि तिला रडूच फुटलं.

"सगळं नगर आलं हो, पर ज्यांच्यासाठी केलं त्या न्हाई आल्या. फोडा ती टाकी!"

कारभारीला बायकोचं रडणं सोसत नसे. त्यानं डोकं खाजवलं. गहिनीनाथाच्या दिव्यांतला एक निळा अजून लावून पाहायचा राहिला होता. 'वहिनी येत न्हाईत ना? मग त्यांना घरबसल्या दिसंल असं करू,' असा सरळ हिशेब त्या भल्या माणसानं केला. पुठ्ठा काढला, ट्यूब आणि बल्ब विझवले आणि निळा दिवा पेटवला.

खोलीत समुद्र शिरला. पोवळ्याचं झाड चांदण्यात उभं राहिल्यागत दिसायला लागलं, मासे चांदीचे झाले. कारभारी तर खुळावलाच. "मालन, बघ तरी!" मालनबाईनं डोळे पुसून पाहिलं ते वर, देवींकडं. दोघी महालक्ष्म्या निळ्याजांभळ्या पडल्या होत्या, इंगळी डसल्यागत.

ती ओरडणार, एवढ्यात समोरच्या अंधारातून हाक आली.

"मालन! अगं ए भवाने! महालक्ष्म्यांना काय केलंस?"

आणि गोजरबाई अनवाणी, तरातरा गल्ली ओलांडून, उंबरा ओलांडून थेट आत. "भावजी, आदी त्यो निळा इझवा! सणासुदीला असली तोंडं करत्यात व्हय देवींची?" कारभारीनं गडबडीनं पिवळा बल्ब लावला. गोजरबाईंनी पदर खोचला आणि थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा दोन्ही हातांनी सरळ केला. "हे बी दुपारपासनं भितीकडं वळलंय. कुनाचं ध्यान हाय का?"

"दुपारपासनं?" मालनबाईच्या तोंडून निघून गेलं.

गोजरबाई पुन्हा मुखवट्याशी खुडबुडू लागल्या. बल्बच्या उजेडात मालनबाईनं त्यांच्याकडं आता नीट पाहिलं. हिरवं इरकली लुगडं. नाकात नथ. वेणीत गजरा, तोही पार कोमेजलेला. घरात अंधार करून बसणारी बाई नथ घालून कशाला बसेल?

"जाऊबाई, तुमी तर नटून... मग आला का न्हाई?"

"कशी येऊ?" गोजरबाई उसळल्या. "छबूची पोर आली, 'हळदीकुंकवाला बोलावलंय' म्हनली आन पळाली. मी काय गल्लीतली बाई हाय? माज्याकडं तू यायचंस. करंडा घेऊन यायचंस. तुजी वाट बघत बसले मी दिसभर दाराआड, अंधार पडला तरी. आन तू आपली दिवे बदलतीयस!"

मालनबाईला लाज वाटली, हसू आलं, रडूही आलं. ती करंडा उचलायला वाकली, तशा गोजरबाई झटक्यात मागं सरल्या. "हितं नगं!" म्हणाल्या आणि आल्या तशा तरातरा परत गेल्या, समोरच्या आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या, मांडी घालून, मान ताठ करून.

कारभारीला काहीच उमजलं नाही. "अगं, आलेलं मानूस गेलं की! आता कंचा दिवा लावू?"

"लावा कंचाबी," म्हणत मालनबाई करंडा घेऊन धावली आणि गल्लीच्या मधोमध पोचताच मोठ्यांदा म्हणाली, "जाऊबाई, आमच्याकडं हळदीकुंकवाला चला."