शुद्धिमहाराजांचा उजवा कौल

गुरुवारी तुरुंगाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कैदी तर होतेच, पण पहारेकऱ्यांच्या बायकासुद्धा फाटकाशी येऊन उभ्या राहत. देवळात गुरव लावतो तसा शुद्धिमहाराज इथं कौल लावत. काळ्या पाषाणावर जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर कैद्याच्या अंगातली दारू गेली, डावी पडली तर अजून आहे.

"दारू यकृतात नसते, मागच्या जन्मात असते," महाराज सांगत. "तिथं डॉक्टरचा हात पोचत नाही."

जिल्हा नवा होता, जेलरसाहेब नवे होते आणि कैदी सुधारण्याची त्यांची हौसही नवी होती; महाराजांना त्यांनीच आणलं होतं. ज्याचा कौल उजवा, त्याच्याच रजेची ते शिफारस करत.

बस्त्याव फर्नांडिसची तीच अडचण होती. दारूच्या भरात मारामारी करून तो आत आला, पण बागेच्या कामावर चोरून येणाऱ्या माडीला त्यानं कधी हात लावला नाही. मालवणात त्याच्या मुलीचं लग्न आलं होतं. महाराजांचा मंत्र मात्र तो म्हणत नसे. "माका माझो देव आसा," एवढंच म्हणे. दर वेळी डावी पाकळी पडे.

कैद्यांना लिहायला शिकवणारे सदानंद मास्तर हे कोपऱ्यातून बघत. बोलावंसं वाटे, पण चार माणसांत उठायचं धैर्य होत नसे, आणि आपणच चुकत असू ही शंका कायमची सोबतीला.

त्या गुरुवारी महाराजांचे पाय चेपणाऱ्या सत्यवानचा कौल होता. पाकळ्या लागल्या. मास्तरांना दिसलं, मुंग्यांची रांग पाषाणावर चढून नेमकी डाव्या पाकळीकडे चालली होती. उजवीकडे एकही मुंगी नव्हती.

मास्तर उठले. का उठलो ते त्यांनाच कळेना.

"महाराज, पाकळ्या तशाच राहू देत. हाच कौल बस्त्यावसाठी मागू या."

"देवाला असं मध्येच अडवता येत नाही." महाराजांचा हात पाषाणाकडे गेला.

"नाव बदललेलं देवाला कळणार नाही का?" मास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

जेलरसाहेबांना ते पटलं. "हात लावू नका, महाराज. बस्त्यावचा कौल."

सगळे पाषाणाकडे सरकले. वाऱ्यानं पाणी वाळलं आणि उजवी पाकळी टपकन पडली.

डावी मास्तरांनी नखानं खरवडली तेव्हा कुठे निघाली. मागे पांढरा चिकट थर होता.

"पेज आहे," मास्तर म्हणाले. "बहुतेक."

"पेजच ती," सत्यवान भाबडेपणानं म्हणाला. "सकाळची वाटयेतून मीच नेऊन दितंय. महाराज म्हणतत, उपासाक चलता."

"एक पाण्यानं लावायची, दुसरी पेजेनं," मास्तर म्हणाले. "पाणी वाळलं की पाकळी सुटते, पेज धरून ठेवते."

"पेजेत देव नाही का?" महाराज गरजले.

"असेल. मग दोन्हीकडे लावा."

हशा ओसरल्यावर साहेब सावरले. "तरी कौल उजवाच आला. बस्त्यावची शिफारस करतो."

"कौलासाठी नको, साहेब," मास्तर म्हणाले.

बस्त्याव कळवळला. "मास्तरानू, पडली मां? मगे आता कित्याक मोडतास? चेडवाचा लगीन आसा."

मास्तरांना खाली बसावंसं वाटलं, पण ते बसले नाहीत. "आज पाकळीनं दिलेली रजा उद्या पाकळीच काढून घेईल. साहेब, मंत्र ज्याला हवा त्यानं म्हणावा, नको त्यानं म्हणू नये. देव ज्याचा त्याचा. पण दारू सुटली का, हे माणसाकडे बघून ठरवा. बागेवरच्या पहारेकऱ्याला विचारा."

पहारेकरी बाबली पुढे आला. "तो माडयेक नाय शिवलो, साहेब. मीच एकदा त्याका घोट दिवक गेलंय, तर तोंड फिरवल्यान."

"तू घोट द्यायला गेला होतास?"

बाबली सलाम ठोकून मागे सरकला.

शिफारशीवर सही करताना साहेबांनी विचारलं, "लग्नात दारू असेल?"

"आसतली," बस्त्याव म्हणाला. "माझो कौल थंयच लागतलो. पाकळ्यो नको."