डावीकडची सीट

परदेशी जायचं तर आधी स्वतःच्या दारात झोपून पाहावं, असा ट्रेव्हरचा सल्ला होता. म्हणून गेल्या गुरुवारी हेझल आणि मी आमच्या घरासमोर, आमच्याच मोटरहोममध्ये, बेडरूमच्या खिडकीपासून चार मीटरवर झोपलो. काय काय विसरलंय ते अशाने कळतं म्हणे. उशा विसरल्या होत्या. मी घरात जाऊन घेऊन आलो. सकाळी पोस्टमनने टपाल गाडीच्या खिडकीतून आत दिलं आणि प्रवास कसा चाललाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मजेत.

ट्रेव्हर ब्लँचर्ड आमचा शेजारी. सोळा वेळा मोटरहोम बोटीवर चढवून युरोपात जाऊन आलेला, आणि सोळाही वेळांची हकिगत आम्हाला पाठ. आमची ही पहिलीच खेप. हल बंदरातून रॉटरडॅमला जाणाऱ्या बोटीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं, म्हणून तयारीची सूत्रं त्याने न विचारता हातात घेतली. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून दिव्यांना चिकटपट्ट्या झाल्या. मागे देशाची अक्षरं, दोन पिवळी जाकिटं, बोटीवर चढण्याआधी गॅसची टाकी बंद. हॅमचं सँडविच बोटीवरच खाऊन संपवायचं, कारण डच किनाऱ्यावर ते आता जप्त होतं. हे ऐकून मी जरा विचारात पडलो. युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर मत द्यायला आम्ही रांगेत उभे होतो, तेव्हा सँडविचचा विषय कुणी काढला नव्हता.

एवढं सगळं जमलं. अडलं ते डावीकडच्या सीटवर.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकतात. आमचं स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणजे चालवणारा मी कडेच्या गवतालगत, आणि सगळी रहदारी हेझलच्या बाजूला. एखादा तिरपा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे डावीकडून, मागून काय येतंय ते मला दिसणं शक्यच नाही. त्या बाजूला माझ्या मागे कपाट आहे आणि कपाटात ताटं. दिसतं ते फक्त डावीकडच्या सीटवरून, मान वळवून. तिने सांगायचं आणि मी निघायचं, असा एकूण प्रकार.

हेझलने हे ऐकून घेतलं आणि दोन दिवस त्यावर काही बोलली नाही. मग म्हणाली, रविवारी जुन्या विमानतळावर सराव करून बघू. नाही जमलं तर तू ट्रेव्हरला घेऊन जा, मी घरी राहीन. चिडून नाही, चहात साखर किती विचारावं तशी म्हणाली. मला चौदा दिवस ट्रेव्हरशेजारी दिसू लागले. पण खरं दुखणं ते नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशा समोर असला की मला माणसं आपोआप दिसतात. सहा महिने खपून जी अकरा गावं मी कागदावर उतरवली होती, त्या प्रत्येक गावात हेझल होती. ट्रेव्हर एकातही नव्हता.

आमच्या लिंकनशरमध्ये युद्धाच्या वेळचे विमानतळ जागोजाग पडून आहेत. शेतकरी त्यांवर बीटाचे ढीग रचतात. रविवारी त्यातल्याच एकावर आम्ही पोचलो. धावपट्टीला एक अरुंद रस्ता तिरपा येऊन मिळतो, अगदी हवा तसा. धावपट्टी म्हणजे हमरस्ता असं धरायचं. ट्रेव्हर आपली निळी गाडी घेऊन तिच्यावर ये-जा करत राहणार होता. तो युरोप झाला होता.

पहिल्या खेपेला मी तिठ्यावर थांबलो. हेझलने मान वळवली.

“माफ कर हं डेस, मला वाटतं, म्हणजे चूकही असेल, पण एक निळीशी—”

तोवर युरोप निघून गेला होता. पाच वेळा हेच झालं. हेझल पस्तीस वर्षं ग्रंथालयात होती. उशीर झालेलं पुस्तकसुद्धा ती माफी मागून परत मागायची. शेवटी ट्रेव्हरने गाडी शेजारी लावली आणि काच खाली केली.

“अगं बाई, तू त्याला जेवायला बोलावत नाहीयेस. मोकळं असेल तर ‘जा’ म्हण, नसेल तर ‘ना’. संपलं.”

हे सुटसुटीत होतं, आणि दोन वेळा छान चाललं. तिसऱ्या वेळी हेझल “जा” म्हणाली आणि त्याच क्षणी तिला काहीतरी दिसलं, म्हणून “ना” म्हणाली. मला ऐकू आलं ते ‘जा ना’. बायको इतक्या आर्जवाने सांगते तेव्हा थांबणं बरं दिसत नाही. मी गेलो.

ब्रेक किंचाळले. पलीकडच्या शेतातून टिटव्या ओरडत उठल्या. निळी गाडी धावपट्टी सोडून गवतात जाऊन उभी राहिली. ट्रेव्हर उतरला, आपल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि आमच्याकडे बघून म्हणाला, “सोडून गेलात ते गेलात. आता परत येऊन अंगावर घालताय?”

मग तो आपला थर्मास घेऊन बीटाच्या ढिगाच्या आडोशाला चहा प्यायला गेला. मी गाडी मागे घेऊन इंजिन बंद केलं. माझ्या मनाने शुक्रवारच्या बोटीत ट्रेव्हरची बॅग चढवायला सुरुवात केली होती.

“एकच शब्द ठेवू,” हेझल म्हणाली. “जा. तो आला तरच निघायचं.”

“आणि ना?”

“ना नको. मी गप्प असले म्हणजेच ना.”

मी म्हटलं, हे उलटं होतंय. गप्प बसणं म्हणजे होकार. तिने विचारलं, कुठे असं असतं? मी म्हटलं, आपल्या घरात. आणि पुरावे द्यायला लागलो. शेफिल्ड सोडून इकडे यायचं ठरलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. जिन्यावरचा गालिचा घेतला तेव्हाही नाही. हीच गाडी, त्या निवृत्त दंतवैद्याच्या अंगणात मी “घेऊया का?” म्हणालो, ती उभी होती, मी सही केली.

“मी विचार करत होते, डेस.”

“मग बोलायचंस.”

“कधी? माझा विचार होईपर्यंत तू निघालेला असायचास. मग मागून काय ओरडू, परत फिर म्हणून?”

हे ती अजिबात आवाज न चढवता म्हणाली. मी मग विचारलं की थांबलो असतो तर ती काय म्हणाली असती.

“शेफिल्डला हो म्हटलं असतं. गालिच्याला नाही.”

गालिचा बावीस वर्षं जिन्यावर आहे. तपकिरी आहे.

“आणि ही गाडी?”

ती बाहेर बघत राहिली. “अजून ठरत नाहीये.”

ट्रेव्हर चहा संपवून परत आला आणि कुणाच्या आग्रहाशिवाय पुन्हा युरोप झाला. तेवढं मोठं मन त्याच्याकडे आहे. मी तिठ्यावर जाऊन थांबलो. थांबलो, आणि आपोआप पुढे वाकून तिच्या पलीकडे डोकावलो.

“काय करतोयस?”

“बघतोय.”

“तिथून तुला माझा कान दिसतो.”

खरंच तेवढंच दिसत होतं. मी मागे टेकलो. हात मांडीवर ठेवले. निळी गाडी गेली; मग उलट दिशेने गेली. मग बराच वेळ काही नाही. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि हेझल गप्प होती. एरवी मी केव्हाच पुढच्या गावात पोचलो असतो. आता करायला काहीच नसल्यामुळे मी तिच्याकडे बघितलं. सदतीस वर्षांत तिला बोलताना पुष्कळ पाहिलं होतं. गप्प असताना ती काय करते हे पाहायचं राहून गेलं होतं. ती लांब बघायची, मग जवळ, मग पुन्हा लांब. ओठ बारीकसे हलायचे. मध्येच एकदा वाटायचं आता बोलणार, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

“जा,” ती म्हणाली.

मी गेलो. धावपट्टी पार टोकापर्यंत रिकामी होती. एवढा वेळ काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नव्हतं, खात्री होत नव्हती. पुढे नऊ वेळा आम्ही तेच केलं आणि युरोपला कसलीही इजा झाली नाही.

घरी येताना येणार की नाही याबद्दल ती बोलली नाही. गावाबाहेरच्या चौकात प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. नियम मी मान्य केला होता. शब्द आला नाही तोवर उत्तर ‘ना’, आणि मागे लागून काढलेला शब्द धरायचा नाही. सोमवार गेला. मंगळवारी ट्रेव्हरने कुंपणावरून कळवलं की त्याने बॅग भरून ठेवली आहे, उगीच ऐनवेळी धावपळ नको. मी आभार मानले. त्या दुपारी गाडी धान्याच्या वखारीत वजनकाट्यावर नेली, तर परवानगीपेक्षा चाळीस किलो जास्त भरली. बुधवारी सकाळी मी गाडीच्या दारात बसून एकेक वस्तू बाहेर काढत होतो. हत्यारांची पेटी, ट्रेव्हरने आग्रहाने दिलेल्या चार घडीच्या खुर्च्या, सूपचे अठरा डबे.

हेझल घरातून माझा अकरा गावांचा कागद घेऊन आली आणि गाडीच्या पायरीवर बसली.

“मी येतेय शुक्रवारी.”

मी हातातला डबा खाली ठेवला.

“रविवारपासून तू विचारलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“विचारावंसं वाटलं?”

“दर वीस मिनिटांनी.”

ती हसली. मग म्हणाली, अकरा गावं नकोत. चौदा दिवसांत अकरा म्हणजे आपण प्रत्येक ठिकाणी फक्त गाडी लावायला आणि काढायला जाणार. तिला एकच हवं होतं, फार तर दोन. कुठलं, ते तिला अजून नक्की सांगता येत नव्हतं. तिने कागद गुडघ्यावर पसरला. बोट पहिल्या गावावरून निघालं, खाली आलं, तिसऱ्यावर थांबलं, पुन्हा वर गेलं.

तिसऱ्या गावाबद्दल मला बरंच काही माहीत होतं. तिथे गरम पाणी सकाळी नऊलाच संपतं, असं ट्रेव्हर म्हणतो. सहावं त्यापेक्षा चांगलं आहे, आणि बोटीपासूनचा रस्ताही सरळ. हे सगळं सांगायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. काढलेल्या वस्तूंची यादी करत होतो ते पेन माझ्याच हातात होतं.

मी पेनाला टोपण लावलं आणि तिच्याशेजारी, पायरीवर उरलेल्या जागेत, बसून राहिलो.