तुळजाबाईच्या वाट्याचा पेंढा

भिवाजीचा एक बैल, चांद्या; शेजारच्या तुळजाबाईचा एक, मोऱ्या. दोन्ही एकाच जुवाला जुंपून दोन्ही घरची भातखाचरं नांगरायची, आणि तुळजाबाईची जमीन थोडी म्हणून तिच्या मोऱ्याला वर्षाचा पेंढा भिवाजीनं द्यायचा, असं तिचा नवरा होता तेव्हापासून ठरलेलं.

पण पुण्यात म्हशींचे गोठे वाढले आणि पेंढ्याला ट्रक थेट त्यांच्या गावात, कोळवणपर्यंत येऊ लागले. त्या साली दलालानं दुप्पट भाव काढला. भिवाजीनं आपल्या बैलापुरता पेंढा ठेवला आणि तुळजाबाईच्या वाट्याचासुद्धा ट्रकात भरून दिला.

दुसऱ्या दिवशी ती दोरी घेऊन आली.

"औंदा कमीच झाला, वैनी," तो म्हणाला. "माझ्याच बैलाला पुरंल का न्हाई, कुणास ठाऊक."

रस्ताभर ट्रकातून सांडलेल्या काड्या पडल्या होत्या. तिनं त्या पाहिल्या. "असंल, भाऊजी," म्हणाली आणि रिकामी दोरी घेऊन परत गेली.

तिनं मोऱ्याला रानातला पाला घातला, बांधावरचं वाळकं गवत घातलं. फाल्गुनात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा तिनं तो विकला.

व्यापारी बैल घेऊन भिवाजीच्या दारावरून निघाला. मोऱ्या सवयीनं आत वळला, चांद्याशेजारी उभा राहिला आणि गव्हाणीत तोंड घालून पेंढा खाऊ लागला. व्यापाऱ्यानं कासरा ओढला, पण तो हलेना.

"तुमच्यातलाच दिसतोय की!" व्यापारी हसून म्हणाला.

भिवाजीची मान वर झाली नाही. त्याची बायको रंभाबाई पुढं झाली. "खाऊ द्या त्याला. मग न्या."

सांजेला भिवाजी पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन तुळजाबाईच्या दारात गेला. "वैनी, म्या खोटं बोललो."

"ठाव हाय मला."

"ह्यो ठेवून घ्या."

"कुणाला घालू?" तिनं विचारलं. ती रागावलेली नव्हती, त्यामुळं त्याला आणखीच मेल्यासारखं झालं. आळीतल्या माणसांच्या देखत तो भारा तसाच डोक्यावर घेऊन माघारी आला.

पेरणीच्या तोंडावर एकट्या चांद्याला जोड मिळेना. तुळजाबाई कुदळीनं खाचर खणू लागली. भिवाजीही कुदळ घेऊन तिच्याच खाचरात उतरला. दुपारी ती बांधावर भाकरी खायला बसली आणि त्याला बोलावलं नाही. तो उन्हात खणत राहिला.